चार वेढे कमी

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला खताची दुकानं आणि चहाची हॉटेलं यांच्या मधे एक पाटी आहे, 'साळूबाई मोटार वायंडिंग'. साळूबाईला जाऊन चार वर्षं झाली, पण पाटी बदललेली नाही. दुकान तिचा मुलगा धर्मराज चालवतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात, तो आतली जळकी तार काढून नवी भरून देतो. माणूस सरळ, हात साफ, बोलणं मोजकं. खोड एकच, डूख धरला की सोडत नाही. सातवीत एका मास्तरांनी त्याला विनाकारण छडी मारली होती. ते मास्तर रिटायर होऊन गाव सोडून गेले, तरी यानं त्यांना कधी साधा नमस्कार केला नाही.

अशा माणसाच्या आईची बदनामी झाली, आणि तीही टीव्हीवरून.

साळूबाईचा नवरा गेला तेव्हा धर्मराज नऊ वर्षांचा होता. नवऱ्याचं काम बघून बघून जेवढं डोळ्यांत बसलं होतं, तेवढ्यावर ती दुकानात बसली. सुरुवातीला लोक हसले. मग मोटारी चालायला लागल्या आणि हसणारेच मोटारी घेऊन आले. तिचे नियम दोन. पहिला, 'मोजल्याशिवाय तोडायचं न्हाई.' जळकी कॉइल तोडण्याआधी तिचे वेढे मोजायचे, कारण नवी कशी भरायची हे जळालेलीच सांगते. दुसरा नियम नवऱ्याचा. मोटार ज्यानं भरली, त्यानं झाकणाच्या आतल्या अंगाला खिळ्यानं आपलं नाव, तारीख आणि वेढे कोरायचे. 'भायेर पाटी दुकानाची, आत नाव हाताचं,' असं ती म्हणायची. गिऱ्हाइकाला काही बोलायचं असेल तर त्यानं पाटीला बोलावं. आतलं नाव आतल्यांसाठी.

अठरा वर्षांपूर्वी तिच्याकडे अद्वैत नावाचा एक कॉलेजकुमार दोन महिने काम शिकायला आला. अंबडच्या एका बँक मॅनेजरचा मुलगा, जालन्याला इंजिनिअरिंग शिकणारा. बोलायला गोड, डोक्यानं हुशार. मोटारी भरण्यापेक्षा साळूबाईच्या तोंडचं वहीत उतरून घेण्यात त्याचा वेळ जायचा. धर्मराज तेव्हा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता, म्हणून त्याला हे सगळं ऐकूनच माहीत.

पुढे अद्वैत पुण्याला गेला, लेखक झाला, आणि त्याची 'सातवा तळ' नावाची मालिका टीव्हीवर आली. शनीभोवती फिरणारा एक तळ, त्यावर मोठमोठे शास्त्रज्ञ, आणि त्या सगळ्यांनी हात टेकले की मोटारी दुरुस्त करणारी एक म्हातारी, तारामावशी. अंतराळातल्या पोशाखावरही ती पदर खोचल्यासारखा कमरेला फडका बांधायची आणि म्हणायची, 'मोजल्याशिवाय तोडायचं न्हाई.' अद्वैतनं पेपरात सांगितलं की ही बाई वडीगोद्रीची. गाव दुकानातल्या टीव्हीसमोर गोळा व्हायला लागलं. साळूबाई नुसती लाजायची. 'मी एवढ्या उंच गेले असते तर चक्कर यून पडले असते,' म्हणायची, पण पेपराचं कात्रण तिनंच चौकटीत बसवून घेतलं.

गावाची चूक झाली ती इथं. तारामावशी म्हणजे साळूबाई, हे लोकांनी इतकं पक्कं धरलं की त्या बाईला पडद्यावर ठेच लागली तरी दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी साळूबाईच्या पायाकडे बघायच्या. कौतुक होतं तोवर ही चूक गोड होती.

गेल्या दिवाळीत त्याच मालिकेची आधीची कथा आली, 'सातवा तळ : आरंभ'. तारामावशी तळावर कशी आली, ते त्यात दाखवायचं होतं. आणि काय दाखवलं? तरणी तारा आपल्या उस्तादावर जळते. तळाला हवा पुरवणाऱ्या मोटारीत ती मुद्दाम चार वेढे कमी घालते. मोटार जळते, एकोणीस माणसं गुदमरून मरतात. तारा आळ उस्तादावर ढकलते आणि त्याच्या जागेवर बसते.

धर्मराजनं तो भाग दुकानात, चार गिऱ्हाइकांसोबत बघितला. भाग संपताच ते आपापल्या वाटेनं गेले. पण आठ दिवसांत एकानं मोटार उचलताना हसत हसत विचारलं, 'वेढे बराबर हायत ना?' भाजीच्या बाजारात एका बाईनं दैवशालाला, म्हणजे धर्मराजच्या बायकोला, गाठलं. 'तुमचा सासरा नेमका कशानं गेल्ता व?' असं तिनं विचारलं. दैवशाला भाजी न घेताच घरी आली.

या आगीत तेल ओतत होते रामराव. पाच एकर मोसंबीचे मालक, वय सत्तरच्या पुढे, जीभ विळ्यासारखी. 'मला तर आधीच ठावं होतं,' ते हॉटेलात बसून सांगायचे. अठरा वर्षांपूर्वी त्यांची मोटार साळूबाईच्या दुकानात भरली होती आणि आठ दिवसांत जळाली होती. ऐन पाण्याच्या वेळी मोसंबीचा फुलोरा गळाला. रामरावांनी भर रस्त्यावर तिला नाही नाही ते बोलून घेतलं. ती हात जोडून म्हणाली, 'माझा हात चुकला, नाना.' तिनं मोटार पुन्हा भरून दिली, पण त्यानंतर रामराव दुकानाची पायरी चढले नाहीत. तिच्या मयताला सगळं गाव आलं, तेही आले नाहीत.

त्या वेळी धर्मराज सुट्टीवर आला होता आणि तोही आईला बोलला होता. 'तुझ्यानं होत न्हाई तर बंद कर दुकान.' ती भाकरी थापत राहिली. आपलं ते वाक्य धर्मराज अजून विसरला नव्हता.

जानेवारीत, फुलोऱ्यासाठी कोरड्या ठेवलेल्या मोसंबीचा ताण तोडून पाणी सुरू झालं आणि रामरावांची तीच मोटार जळाली. अंबडचा त्यांचा नेहमीचा कारागीर पोराच्या लग्नाला गेलेला. झाडं थांबायला तयार नाहीत. रामराव टेम्पोत मोटार टाकून धर्मराजच्या दारात आले.

'दोन दिवसांत दे,' ते म्हणाले. 'आन वेढे बराबर घाल. कमी घालायची सवय हाय तुमच्या घराला.'

धर्मराजनं मान हलवली आणि मोटार आत घेतली. मनात म्हणाला, आता सापडलास. जळकी कॉइल मोजली, वेढे चव्वेचाळीस. त्यानं ठरवलं, चाळीस घालायचे. मोटार आठ-दहा दिवस चालेल, फुलोरा धरेल, आणि मग जळेल. त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर माती पडलेली त्याला बघायची होती. असा विचार करताना त्याला इतकं बरं वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दुपारी दैवशाला डबा घेऊन आली. तिनं गुंडाळलेली कॉइल बघितली. इतक्या वर्षांत तिचीही नजर बसली होती.

'काय करून राह्यले तुम्ही?'

'काम.'

'हे चाळीस हायत.'

'वाळू दे त्याची मोसंबी.'

'वाळू द्या,' दैवशाला म्हणाली. 'मला बी त्याचा पुळका न्हाई. पण मंग टीव्हीवर दाखवलं ते खरं होईल. साळूबाईचं पोरगं बी तसंच निघालं, म्हणतील.'

ती डबा ठेवून गेली. धर्मराजनं डबा न उघडताच बाजूला सारला. मग शिव्या देत त्यानं कॉइल उलगडली आणि नव्यानं घेतली, चव्वेचाळीस. राग तसाच राहिला, उलट त्याला जागा न मिळाल्यानं वाढला. काम संपल्यावर आपलं नाव कोरण्यासाठी त्यानं झाकण हातात घेतलं. मधल्या काळात बेअरिंगसाठी कुणी ते उघडलंही असेल, पण ग्रीसच्या थराखाली काय लिहिलंय हे कोण पुसून बघतो? त्यानं रॉकेलचा बोळा फिरवला.

खाली तारखेसकट दोन ओळी होत्या. वरची वळणदार, शिकलेल्या हाताची, सही केल्यासारखी शेपूट काढलेली: 'अद्वैत. वेढे ४०.' खालची आठ दिवसांनंतरची, आईच्या तिरप्या अक्षरातली: 'साळूबाई. वेढे ४४.'

धर्मराजला सगळं कळलं. मोटार अद्वैतनं भरली होती. चुकला होता तो. आणि आईनं दुकानात झालेली चूक दुकानाच्या पाटीवर घेतली होती, परक्याचं पोरगं म्हणून त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, पोटच्या मुलानं बोलून घेतलं तरीही. तिनं लपवलेली चूक त्या पोरानं अठरा वर्षांनी बाहेर काढली आणि तिच्याच पदरात घातली. वर ती मुद्दाम केली, असंही दाखवलं. वेढ्यांचा आकडासुद्धा बदलायची तसदी त्यानं घेतली नव्हती. धर्मराज झाकणावर हात ठेवून रडला. मग त्यानं तोंड धुतलं, आणि रामरावांवरचा सगळा राग उचलून योग्य माणसावर नेऊन ठेवला.

अद्वैत शनिवारी गावात येणारच होता. शाळेनं त्याचा सत्कार ठेवला होता आणि शाल-श्रीफळ साळूबाईच्या मुलाच्या हातून द्यावं, अशी अद्वैतचीच इच्छा होती. धर्मराजनं आधी नकार कळवला होता. आता निरोप धाडला, येतो म्हणून. रामरावांच्या मोटारीला त्यानं भंगारातलं दुसरं झाकण बसवलं आणि त्यांना सांगितलं, 'नाना, तुमचं जुनं झाकण शाळेत देतो. शनिवारी या.' पुढचे दोन दिवस तो दुकानात शीळ घालत होता. दैवशालाला त्या शिळेची भीती वाटली.

शाळेच्या मैदानावर मंडप भरला होता. अद्वैतनं सुंदर भाषण केलं. तारामावशी मला आईच्या ठिकाणी आहे, म्हणाला. मग नव्या मालिकेवर आला. 'नुसती चांगली माणसं कुणी बघत नाही. माणूस मोठा दाखवायचा तर आधी त्याच्या हातून पाप घडवावं लागतं.' टाळ्या पडल्या. रामरावांनी तर जोरात वाजवल्या.

धर्मराजनं अद्वैतला शाल पांघरली, नारळ दिला, आणि माईक हातात धरला.

'मला लिहिता येत न्हाई,' तो म्हणाला. 'पण मोटार भरता येती. जळालेली कॉइल आधी मोजायची, मंग नवी भरायची. अद्वैत सरांनी पहिल्या मालिकेत काय दाखवलं? तारामावशी दुसऱ्यानं भरलेली कॉइल दोनदा मोजती. शिकणाऱ्यावर कधी आवाज चढवत न्हाई. मंग तिची आधीची कथा त्याच्यावरनंच निघाया पायजे होती ना? जळणारी बाई पुढं तशी कशी होईल? मी लिहिली असती तर अशी. तिच्याकडं एक हुशार पोरगं शिकाया येतं. ते चार वेढे कमी घेतं. मोटार जळती. बाई सगळ्या गावासमोर म्हणती, माझा हात चुकला. पोरगं मागं उभं असतं, तोंड उघडत न्हाई. त्या दिवसापासून बाई दोनदा मोजती. एवढीच कथा. बराबर बसती का न्हाई, सर?'

अद्वैतच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. धर्मराजनं पिशवीतून झाकण काढून त्याच्या हातात दिलं आणि माईक त्याच्या तोंडासमोर धरला.

'वाचा. अक्षर तुमचंच हाय.'

अद्वैतनं झाकणाकडे बघितलं.

'अद्वैत,' त्यानं वाचलं. 'वेढे चाळीस.'

'तारीख बी वाचा,' धर्मराज म्हणाला. 'ज्यांची मोटार, ते समोर बसलेत.'

त्यानं तारीख वाचली. रामराव उठून उभे राहिले. त्यांना ती तारीख सांगायची गरज नव्हती. ते स्टेजजवळ आले, अद्वैतच्या हातातून झाकण घेतलं, चष्मा लावून दोन्ही ओळी स्वतः वाचल्या.

'अठरा वर्षं,' ते म्हणाले. 'तिच्या मातीला बी आलो न्हाई मी.'

ते झाकण काखेत धरून घरी गेले. त्यांच्यामागं एकेक करत मंडप रिकामा झाला. जेवणं तयार होती, पण पाहुण्याच्या पंगतीला कुणी बसलं नाही.

संध्याकाळी अद्वैत दुकानात आला. घडी केलेली शाल त्याच्या हातात होती. 'धर्मराजभाऊ, माझं चुकलं,' तो म्हणाला. 'मावशींचं नाव मी धुऊन काढतो. पुढच्या भागात दाखवतो की ते वेढे दुसऱ्याच कुणीतरी कमी घातले होते. तुम्ही सांगितलं तसंच लिहितो.'

धर्मराजनं हातातलं काम थांबवलं नाही.

'लिहू नका,' तो म्हणाला. 'हाय तसंच राहू द्या. जाताना शाल ठेवून जा.'

अद्वैतला तेव्हा कळलं नसावं. आता कळलं असेल, कारण अंबडला त्याचे आईवडील राहतात आणि बातमी तिथवर गेली आहे. वडीगोद्रीच्या लोकांची जुनी चूक सुधारलेली नाही, ते अजूनही मालिकेतलं सगळं खरंच धरतात. फक्त माणूस बदललाय. दुपारी मालिका पुन्हा लागते, दुकानात मोटारीची वाट बघत चार-सहा जण बसलेले असतात, आता रामरावही असतात. पडद्यावर तारा तार हातात घेते, इकडंतिकडं बघते आणि वेढे मोजायला लागते.

'बघा,' रामराव म्हणतात, 'अद्वैतनं आज बी चाळीसच घेतले.'

धर्मराज उठतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.