चित्र थांबायची वाट

मेडिकल कॉलेजच्या ऑपरेशन थिएटरमधलं थेट चित्र ज्या वर्गांनी मागितलं, त्यांनाच पोचेल अशी सेटिंग नव्या इंजिनियर पोरीने करून दाखवली आणि डीनसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. कॉलेजचे राउटर सांभाळण्यात हयात घालवलेल्या काकांच्या पोटात असं दुखलं, की पुढचं ऑपरेशन त्यांचंच करावं लागलं असतं.

पण तिची चूक त्यांनी हेरली होती. ‘अजून कोण बघतंय?’ असं नेटवर्कवर वरचेवर विचारत राहावं लागतं. विचारणारं कुणी नसलं, की थोड्या वेळाने चित्र थांबतं. ती सोय तिने केलीच नव्हती! काका मिटक्या मारत पडद्याकडे बघत बसले.

चित्र थांबेना. रुग्णाला टाकेसुद्धा घालून झाले.

“काय गं, विचारतंय कोण?” काकांना राहवेना.

“तुमचाच जुना राउटर, काका! विचारायचं काम तुम्ही त्याला आधीच लावून ठेवलंय. मी कशाला हात लावू?”

छाती फुगवावी की बडवून घ्यावी, काकांना कळेना. पुढचा वर्ग भरत होता. ते तडक राउटरपाशी गेले आणि त्यांनी तो बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं.

“मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?”

एवढंच बोलून त्यांनी त्याच्यावरची धूळ पुसली आणि ते परत आले.