आतोबांनी घातलेली एक ओळ

माझ्या आतोबांइतका परक्यांच्या चुकांवर जीव लावणारा माणूस भोपाळातच काय, साऱ्या पृथ्वीवर सापडायचा नाही. आत्याचे हे यजमान बरखेड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि सोनागिरीच्या घरात नवंच काम घेऊन बसले. हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेली सॉफ्टवेअरं नव्या कंपायलरवर अडली, की ती दुरुस्त करायची. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. त्याची नवी आवृत्ती आली, की काल निमूट चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आज ढीगभर चुका निघतात. लोक वैतागतात; आतोबा मात्र अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसतात आणि लाल अक्षरांची रांग लागली की प्रेमानं म्हणतात, "या, या. एकेकानं या." शेजारच्या काकूंनी एकदा बिघडलेला मिक्सर आणला. "भाईसाहब, आप तो सब सुधारते हो।" आतोबा नम्रपणे म्हणाले, "भाभीजी, मैं सिर्फ़ लिखा हुआ सुधारता हूँ।" आणि मिक्सरच्या माहितीपत्रकातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुकांवर खुणा करून दोन्ही वस्तू परत दिल्या.

गेल्या वर्षी आत्याची नजर फार अधू झाली. वाचल्याशिवाय जिला घास जात नसे, ती नुसती खिडकीशी बसून राही. आतोबांनी तिला एक छोटं सॉफ्टवेअर लावून दिलं, पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं. आत्या पुन्हा बोलू-भांडू लागली. मग नवा कंपायलर आला, आणि नेमकं तेच अडलं. महिन्याभरात दुरुस्त झालं नाही तर फुकट सॉफ्टवेअरांच्या यादीतून काढून टाकू, अशी ती यादी सांभाळणाऱ्यांची सूचना आली.

"अहो, माझ्याकडे जुनं आहे ना? मग झालं," आत्या म्हणाली.

"तुझं चालेल गं. तुझ्यासारख्या बाकीच्यांचं काय?"

ते सॉफ्टवेअर लिहिणारे गृहस्थ ग्वाल्हेरचे. आतोबांनी त्यांना ईमेल केलं, उत्तर नाही. आठ दिवस हा माणूस जेवताना आमटीत चपातीऐवजी पेन्सिल बुडवायचा बाकी होता. नवव्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "सापडलं! एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका छोट्या तुकड्याला, हाक मारलीय, पण त्याची आधी ओळखच करून दिलेली नाही. जुना कंपायलर घरचा, चालवून घ्यायचा. नवा चार इमलीतल्या बड्या साहेबांच्या बंगल्यावरच्या शिपायासारखा. नाव सांगितल्याशिवाय आत सोडत नाही." त्यांनी ओळखीची एक ओळ घातली आणि सगळं सुरळीत चालू लागलं.

त्याच आठवड्यात ग्वाल्हेरहून उत्तर आलं, त्या गृहस्थांच्या पत्नीचं. 'हे दोन वर्षांपूर्वी गेले. यांचं ते बोलणारं मशीन अजून कोणी ऐकतं का?'

आतोबांनी ते आत्याला वाचून दाखवलं. एरवी एकेका चुकीवर पानंपानं लिहिणारा हा माणूस तिलाच विचारू लागला. "काय लिहू गं?"

"लिहा, मी ऐकते म्हणावं. रोज."

त्यांनी तेवढंच लिहिलं.

मी भेटायला गेले तेव्हा दुरुस्त झालेलं सॉफ्टवेअर आत्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतं. मध्येच ते 'विज्ञान'ला स्वच्छ हिंदी थाटात 'विग्यान' म्हणालं.

"आतोबा, एवढंही सुधारा की," मी म्हटलं.

त्यांनी हात नुसता कीबोर्डपर्यंत नेला आणि परत मांडीवर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "ग्वाल्हेरचे ते गृहस्थ तसंच बोलत असतील."