ताईच्या भिंतीवरची ढाल

आमचे हे बांधकाम निरीक्षक. नव्या इमारतींच्या भिंतींत ऊन अडवणारा थर नियमाप्रमाणे घातलाय का, ते शिड्या चढून बघतात. बिल्डरांच्या शिव्या यांनी खायच्या आणि वाचलेल्या विजेचं श्रेय मात्र ताईच्या नवऱ्याच्या वीज कंपनीला! का, तर तो नियम व्हावा म्हणून कंपनीनं जोर लावला होता. भाऊजींना त्याबद्दल मानाची ढाल मिळाली. ती बघायला ताईनं आम्हाला मुद्दाम जेवायला बोलावलं. माझा नुसता तिळपापड होत होता. 'किती छान गं,' म्हणत मी ढालीशेजारी हात टेकवला, तर चटकाच बसला. घर नियमाच्या आधीचं, भिंत तव्यासारखी तापलेली. ताई वर्तमानपत्रानं वारा घेत होती. मग मात्र मी तिचं अगदी मनापासून अभिनंदन केलं.