जुबेदाखालांचा डबा

आम्ही आखातात होतो तेव्हा जुबेदाखाला आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. आता त्या रत्नागिरीला असतात. त्यांच्याकडून आलेला डबा रिकामा परत केलेला त्यांना चालत नसे. चिमूटभर साखर तरी हवीच.

त्यांचे यजमान, खालू, मीना सलमान बंदरावरच्या गोदामात क्लार्क होते. दर शुक्रवारी ते तुबली भागात कामगारांच्या खोलीवर खालांनी शिजवलेला डाळ-भात घेऊन जायचे, स्टीलच्या डब्यांतून. नियम तिथेही तोच. डबे परत यायचे ते लिंबू, दोन मिरच्या, कधी कोथिंबिरीच्या चार काड्या घेऊन. खाला ते सगळं नीट बघून ठेवून घ्यायच्या.

आमच्या मराठी मंडळातल्या पाटणकरकाकूंना हे पटत नसे. "भाभी, गरिबांकडून लिंबं घेता?"

"घेते ना. भिकारी हायत काय ते?"

काकूंचं म्हणणं, आधी खोल्यांवर जाऊन बघावं, कोण खरा गरजू, कोण दारू पितो, मग द्यावं. तेव्हा मी कॉलेजात व्हिक्टोरियन इंग्लंड शिकत होते. तिथल्या श्रीमंत बायकाही अशाच गरिबांच्या घरी जाऊन मदतीला लायक कोण ते ठरवायच्या. मी हे खालांना हळूच सांगितलं.

"आनि त्या बायांची चूल बघायला कोन जायचं गो?" त्यांनी विचारलं. 

मग सुदामने डबा घेणं बंद केलं. तो त्याच खोलीवरचा, चिपळूणचा वेल्डर. त्याचं गॅरेज बंद पडलं होतं, पगार थांबला होता. 'पोट भरलंय' म्हणायचा. पण तो नुसता चहा आणि खुबूसच्या रोटीवर आहे, असं खोलीतल्यांनी खालूंना सांगितलं.

खाला भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. "डब्यात घालायला काय नाय त्याच्याकडं. माझ्या नियमानं उपाशी ऱ्हायला पोरगा."

पुढच्या शुक्रवारी त्या स्वतः निघाल्या. "चल बाय, डबे धर." तुबलीला पोचल्यावर मी खोलीच्या दारातच उभी राहिले. सुदाम खाली बघत म्हणाला, "खाला, नको. परत काय देऊ?"

मला वाटलं, त्या म्हणतील, काही नको देऊ.

"पाणी हाय ना? जेवन ताटलीत काढ. डबा धू नि पाणी भरून दे."

तो हसला, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा. डबा घासून त्याने पिण्याच्या कूलरचं पाणी काठोकाठ भरलं, झाकण दाबून बसवलं. आम्ही निघेपर्यंत त्याने जेवायला सुरुवात केली होती.

गाडीत खालांनी तो डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. "सावकाश चालवा हो," त्या खालूंना म्हणाल्या, "सांडंल." घरी येऊन त्याच पाण्यात त्यांनी डाळ शिजत घातली.

संध्याकाळी त्या डाळीचा एक डबा वर आमच्याकडे आला. आम्ही जेवलो. मी डबा धुतला, आणि त्यात काय घालावं याचा विचार करत बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले.