जिभेनं तपासलेली बॅटरी

विजेच्या वस्तू माझ्या हाती आल्या की आधी बंद पडतात आणि मग मी त्या उघडतो, असं आमच्या घरात अजूनही म्हणतात. हे साफ खोटं आहे. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. नागपूरच्या महाल भागात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि वर गच्ची. थोरला भाऊ खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये होता, म्हणजे तो गावोगाव वीज पोहोचवायचा. मी बावीस वर्षांचा, घरी बसून पोस्टानं रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करायचो. तीनच धडे आले होते, पण तिसऱ्यानंतर माझी चाल बदलली होती. गल्लीत कुणाचा पंखा कुरकुरला तरी मी थांबून मान तिरपी करायचो.

वहिनीचं माहेर भिवापूर, मिरचीसाठी नावाजलेलं; आमच्या घरच्या मिरच्याही तिथूनच यायच्या. वर्षाचं तिखट कसं करून ठेवावं, यावर बोलायला तिला रेडिओवरच्या बायकांच्या कार्यक्रमात बोलावलं होतं. ती जाऊन बोलून आली. ध्वनिमुद्रण झालं. आता गुरुवारी दुपारी ते लागणार होतं, एकदाच. तिनं आपला आवाज जन्मात ऐकला नव्हता. आठवडाभर भाकरी थापता थापता ती मला विचारत होती, "भाऊजी, मी कशी ऐकू येत असन? घोगरी तर नाही ना?"

घरातला एकुलता एक ट्रान्झिस्टर माझ्या ताब्यात होता. बॅटरी मरायला टेकली होती. भाऊ ड्यूटीवर जाताना म्हणाला, "नवी घेऊन ये गा. तिले ऐकव म्हणजे झालं."

मी हसलो. अज्ञानी माणसाकडे पाहून इंजिनियर हसतो तसा. नागपूरचं मे महिन्याचं ऊन डोक्यावर असताना नवी बॅटरी आणायची? त्या काळी सगळेच संपत आलेले सेल उन्हात ठेवून त्यांतून थोडा जीव काढायचे. मी बुधवारी ती चौकोनी, डोक्यावर दोन बटणं असलेली बॅटरी गच्चीवर नेली. तिथं आईनं जुन्या धोतरावर तिखटाच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. मधे जागा करून बॅटरी ठेवली. चमकती वस्तू कावळा नेईल म्हणून वर दोन मुठी मिरच्या पसरल्या. मग ऊन बॅटरीपर्यंत पोहोचणार कसं, हा प्रश्न बहुधा चौथ्या धड्यात असावा.

गुरुवारी मी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना आमंत्रण देऊन आलो. समोरच्या आजोबांना मात्र नाही. त्यांच्याकडे विजेवर चालणारा, कपाटाएवढा जुना रेडिओ होता. तो तापून बोलायला लागेपर्यंत इतका वेळ घ्यायचा, की मी त्याचं नाव 'बंब' ठेवलं होतं आणि गल्लीभर केलं होतं.

बायका जमल्या. वहिनी नवी साडी नेसून पुढे बसली, जणू रेडिओ तिला बघणार होता. मी बॅटरी घातली, बटण फिरवलं. खट्ट झालं. पुढे काही नाही.

मी ट्रान्झिस्टरला एक चापट मारली. तो दुसरीकडे तोंड करून ठेवला. मग उभा, मग आडवा.

"पाणी मारून पाहा ना थोडंसं," एक काकू म्हणाल्या.

"काकू, हे शास्त्र आहे," मी म्हणालो आणि बॅटरी बाहेर काढली. बॅटरी तपासायला तेव्हा आमच्याकडे एकच यंत्र होतं : जीभ. दोन्ही बटणं जिभेला लावायची. मुंग्या आल्या तर जिवंत, नाही आल्या तर मेली. मी सगळ्यांना नीट दिसेल असा उभा राहिलो आणि जीभ लावली.

मुंग्या कसल्या, वणवा पेटला. डोळ्यांतून पाणी आलं, कान तापले.

"फुल चार्ज," मी कसाबसा म्हणालो. "डबल झाली आहे." आणि खात्री करायला पुन्हा लावली.

आता शास्त्राप्रमाणे निष्कर्ष एकच. बॅटरीत इतका दम आहे, म्हणजे बिघाड आत आहे. मी स्क्रू काढले, मागचं झाकण काढलं, आतली पट्टी काढली. एक स्प्रिंग उडून काकूंच्या मांडीवर पडली. परातीत भाग मांडत मी प्रत्येकाचं इंग्रजी नाव सांगत होतो, काही तिथंच तयार करून. एवढ्यात आई आतून आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काहून गा, थोबाड काहून असं लाल झालं तुह्यं?"

"करंट," मी म्हणालो.

"कुठी ठेवली होती ते बॅटरी?"

"गच्चीवर. मिरच्यांत."

आईनं बॅटरी हातात घेतली, नाकाशी नेली आणि शिंकली. बॅटरी तशीच मेलेली होती. जिवंत होती ती भिवापूरची मिरची.

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष वहिनीकडे गेलं. घड्याळात कार्यक्रमाची वेळ झाली होती आणि तिचा रेडिओ परातीत पडला होता. ती तटकन उठली, डोक्यावर पदर घेतला आणि तशीच अनवाणी, तापलेली गल्ली ओलांडून आजोबांच्या दारात गेली. मागून बायका, मागून आई, सगळ्यांत मागे मी, जिभेवर गुळाचा खडा ठेवून.

आजोबांनी झोपेतून उठून दार उघडलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"बंब पेटवू म्हणतं का वं पोरी?"

"पेटवा ना बाबाजी, लवकर," वहिनी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

बंब पेटला. आधी पिवळा उजेड आला, मग गुरगुर, मग आणखी गुरगुर. माझ्या आयुष्यात कुठल्याही यंत्रासाठी मी मनातल्या मनात इतके हात जोडलेले नाहीत. शेवटी दूरवरून एक बारीक, स्वच्छ आवाज वर येऊ लागला.

"कोण बोलून राहिली हे?" वहिनीनं विचारलं.

"तूच वं," आई म्हणाली.

वहिनीनं तोंडाला पदर लावला. घोगरी बिलकूल नव्हती. शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध, ठासून बोलत होती : "भगिनींनो, मिरच्या वाळत असताना त्यांच्याजवळ दुसरी वस्तू ठेवू नये. घरात लहान मुलं असतील तर विशेष जपावं. त्यांना समज नसते. हाती येईल ते ती आधी तोंडात घालतात."

खोलीतली झाडून सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी गूळ गिळला.

वहिनी पुढे आणखी बरंच बोलली म्हणे. मिरची कांडण्याबद्दल, बरणीत तिखट कसं भरावं त्याबद्दल. पण त्यातलं एक अक्षर कुणाला ऐकू आलं नाही, तिला तर नाहीच. हसून हसून ती आजोबांच्या बाजेला टेकली होती, आणि तिचा हा दुसरा आवाज तिच्या रेडिओतल्या आवाजापेक्षा फार मोठा होता.