म्हणे चालत नाही

घरात तिला सगळे 'बातमी' म्हणत. लहानपणी कुणाकडे कोण रुसलं, कोण रडलं, हे ती दारातूनच ओरडत यायची. पुढे ती पत्रकारिता शिकायला विद्यापीठात गेली तेव्हा मामा म्हणाला, "हिला शिकवायचं काय राहिलंय? उलट त्यांनीच हिला फी द्यावी."

पण तिथं गेल्यावर पोरीची जीभ अडली ती एका शब्दापाशी. म्हणे. उद्या पाणी येणार नाही म्हणे, अमकीचं लग्न मोडलं म्हणे. आपलं निम्मं बोलणं या 'म्हणे'वर चालतं. शिकवणाऱ्या मॅडम त्याच्यावर लाल पेन्सिलीनं काट मारत. "कोण म्हणतं? नाव सांग. आणि नात्यातलं माणूस साक्षीला चालणार नाही." एवढ्यापायी ती शेवटच्या वर्षाच्या वृत्तांतात एकदा नापास झाली होती. ही दुसरी आणि शेवटची खेप. हुकली की तीन वर्षं पाण्यात.

विषय तिनं घेतला दवाखान्याच्या लाँड्रीचा. तिथं धुण्याची नवीन पावडर आल्यापासून बायकांच्या हातांची सालं निघत होती. अकरा जणींनी हात दाखवले. नाव विचारलं तेव्हा अकरा जणींनी कानांवर हात ठेवले, तेही सोललेलेच.

बारावी तिची आई.

"माझं घाल," आई म्हणाली.

"तू चालत नाहीस. नात्यातली आहेस."

"कामावर माझं माहेरचं नाव आहे. आडनाव वेगळं, कुणाला कळतंय?"

"आणि काम गेलं तर?"

"गेलं तर हात तरी राहतील. लिही मुकाट्यानं. मोठी आली मला साक्ष शिकवणारी."

तिनं लिहिलं. ज्याच्यावर बोट ठेवायचं त्याचंही म्हणणं घ्यावं, असं शिकवलं होतं, म्हणून वृत्तांत द्यायच्या दिवशी सकाळी लाँड्रीच्या ठेकेदाराला फोनही केला. माणूस फार गोड बोलला. "कोण बाई म्हणालात? नाव परत सांगा जरा. हां, आलं लक्षात." बारा वाजता आई घरी परत. डबा तसाच भरलेला, आणि उद्यापासून येऊ नका असा निरोप. आई म्हणाली, "आता रडत बसू नकोस. माझं गेलं ते गेलं, तुझं तरी पदरात पाडून घे."

तीन वाजता मॅडमनी कागद वाचला. पेन्सिल कुठंच थांबली नाही. शेवटी म्हणाल्या, "या बाईंचा नंबर दे. मी सगळ्यांचं तपासते." आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हो, मीच बोलले," आईचा आवाज आला. "हात माझेच आहेत."

"ही मुलगी तुमच्या ओळखीची?"

"छे हो. माझी कोण लागते ती? आली होती वही घेऊन, म्हणून सांगितलं."

बातमीनं दाताखाली ओठ धरला. पोटच्या पोरीला आई परकी म्हणत होती, आणि पोर मनात म्हणत होती, असंच म्हण, असंच म्हण.

"बरं, ठेवते," मॅडम म्हणाल्या.

"अहो, एक मिनिट. तेवढं तिला म्हणावं, काहीतरी खाऊन घे. सकाळपासून पोटात कण नाही तिच्या."

मॅडमनी फोन बंद केला. कागदावरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"कोण आहेत?"

अजूनही 'कोणी नाही' म्हणता आलं असतं.

"आई."

"बातमी खरी आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "हात खरे आहेत. पण हे मला पास करता येत नाही." आणि त्यांनी नावावरून लाल रेघ ओढली. नावापाठोपाठ सगळा वृत्तांतच गेला.

घरी आई दारातच उभी होती. हातांना मलम फासलेलं, म्हणून बोटं फाकवून धरलेली.

"मी नीट बोलले ना गं? काही चुकलं तर नाही?"

"नाही. नीट बोललीस."

"मला वाटलंच. त्या बाई भल्या वाटल्या आवाजावरून."

आई ताट वाढायला आत वळली. उद्यापासून सकाळी दोघींनाही कुठं जायचं नव्हतं. आईला ते अजून स्वतःपुरतंच ठाऊक होतं.