दादाच्या पाण्यात उतरलो तेव्हाची गोष्ट

पोस्टकार्डावर साडेतीन ओळी होत्या. "शुक्रवारी कोरेगाव, शनिवार-रविवार सांगली. तीन प्रवचनं आहेत. त्यानंतर पाळकपणातून मोकळा होतोय. गुडघे ऐकत नाहीत. येणार असलास तर ये." खाली सही नव्हती. दादाच्या अक्षराला सहीची गरज कधी पडलीच नाही.

नव्वदच्या दशकातली, जानेवारीतली ही गोष्ट. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. छत्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, कविता चालीवर म्हणून घेतल्या, आणि आता साताऱ्यातल्या घराच्या ओसरीत बसून त्याच कविता एकट्याने गुणगुणत होतो. प्रवासाला निघायला असा रिकामा माणूस बरा. पण मी ते कार्ड चार दिवस खिशात घेऊन फिरलो. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास तुम्हाला कळायचा नाही.

आमचे बाबा मिशनच्या जुन्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. तिथे तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. दादाचा आणि माझा तसाच झालेला. पुढे दादा नोकरीसाठी सांगलीला गेला, तिथल्या बाप्टिस्ट मंडळीत बसू लागला. त्यांचं म्हणणं असं की बाप्तिस्मा ज्याने त्याने स्वतःच्या विश्वासाने, कळत्या वयात घ्यायचा आणि पाण्यात पूर्ण बुडून घ्यायचा. दादाने तो कृष्णेत घेतला. त्या वर्षी नाताळाच्या पंगतीत, सगळं गणगोत जेवायला बसलेलं असताना, पंचविशीतल्या मला चार ओळी सुचल्या आणि मी त्या चालीवर म्हणून दाखवल्या:

दादा कृष्णेत बुडाले,
वर आले ते न्हाऊन;
पाप पोहणारे होते,
तेही आले की मागून!

पंगत खो-खो हसली. दादा अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतले आणि दुपारच्या गाडीने सांगलीला निघून गेला. त्यानंतर लग्नात भेटलो, बाबांच्या मातीला भेटलो, आमच्या ख्रिस्ती रीतीने "सलाम" म्हणून हात जोडले. पण तेहतीस वर्षांत ना तो माझ्या घरी राहिला, ना मी त्याच्या. "दादा, चुकलं" हे दोन शब्द मी रोज उद्यावर टाकत आलो. मधल्या काळात तो त्याच बाप्टिस्ट मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाला होता; आता तो मोकळा होणार होता. रविवारच्या आत हे शब्द तोंडातून बाहेर काढायचे, एवढं ठरवून पिशवी भरली.

शुक्रवारी सकाळी स्टँडवरून कोरेगावची एस.टी. धरली. कंदी पेढ्यांचा एक पुडा दादासाठी घेतला. माहुलीला कृष्णेचा पूल लागतो. पाण्यावर धुकं तरंगत होतं, आणि मला एकदम वर्गात उभं राहून म्हणावं असं काहीतरी वाटलं. शेजारची बाई घेवड्याचं बोचकं मांडीवर घेऊन बसली होती, म्हणून आवरलं. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यात उसाच्या बैलगाड्या, मागे अडकलेली एस.टी. आणि ड्रायव्हरचा हॉर्न. कुणी हा रस्ता करणार असाल तर जानेवारीतच करा. तासाभराचा पल्ला, पण गाड्यांमुळे दीड तास धरून चला आणि तो अर्धा तास फुकट गेला असं मानू नका.

कोरेगावात सभा होती ती एका निवृत्त सुभेदाराच्या अंगणात. शांतवन सुभेदार, उंचेपुरे, मिशा अजून परेडवर असल्यासारख्या. मला बघताच म्हणाले, "तुमी पाळकसाहेबांचं भाऊ व्हय? मास्तर? या, या. लय ऐकलंय तुमच्याबद्दल."

मी पिशवी खाली ठेवली. "काय ऐकलंय?"

"कवी हायसा म्हनं."

दादा ओट्यावर बसला होता. वाळला होता. मला बघून चष्मा कपाळावर नेला. "आलास? बरं झालं. चहा घे."

तेहतीस वर्षांनंतर "चहा घे". मी चहा घेतला.

त्या दिवशीचं प्रवचन शास्त्र, म्हणजे बायबल, कसं वाचावं यावर होतं. विषय ऐकून मला वाटलं, आता झोप येणार. पण दादाची रीत निराळी. येशूने सांगितलेला, बी पेरताना काही खडकावरही टाकणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला त्याने घेतला आणि तो तीनदा वाचला. एकदा त्याने मोठ्याने, एकदा सावकाश, आणि तिसऱ्यांदा एकेक ओळ समोरच्या माणसांकडून. मग विचारलं, "खडकावर बी का टाकलं त्यानं? येडा होता का?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "आवं, हातानं फेकल्यावर कुटंबी जातंय की."

"बास!" दादा म्हणाला. "देवाचा हात आखडता न्हाई. हे मी पुस्तकं वाचून शिकलो, आक्का पेरून शिकली."

मी आयुष्यभर अलंकार शिकवले. या माणसाच्या बोलण्यात एक अलंकार नव्हता आणि अंगणातलं एक लेकरूसुद्धा रडत नव्हतं. मला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटायचा हक्क आपल्याला आहे का, असंही वाटलं. सभेनंतर प्रेमभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं, मिळून जेवायचं जेवण. घेवड्याची आमटी, भाकरी, लसणाची चटणी. दादाच्या शेजारी जागा मिळाली नाही. माझे दोन शब्द आमटीबरोबर पोटात गेले.

शनिवारी सकाळी कोरेगाव स्टेशनवरून सांगलीची पॅसेंजर. दादा, मी आणि सुभेदार. सुभेदार कशाला, तर रविवारी कृष्णेत त्यांचाच बाप्तिस्मा व्हायचा होता. ख्रिस्ती घरात जन्मलेले, वीस वर्षं मंडळीत बसणारे, पण बाप्तिस्मा राहून गेलेला. का, तर बाप्टिस्टांत पाण्यात उतरण्याआधी साऱ्या मंडळीसमोर उभं राहून आपली साक्ष द्यावी लागते. आपण विश्वासात कसे आलो ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मग मंडळी हात वर करून हो म्हणते.

"गोळीला भ्यालो न्हाई मास्तर," सुभेदार शेंगा सोलत म्हणाले, "पर साक्षीला भ्यालो. काय बोलायचं सुचतच न्हाई. तुमी द्या की ल्हून चार ओळी."

"त्याच्याकडून लिहून घेऊ नका," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "त्याच्या चार ओळी जन्मभर पुसत नाहीत."

सुभेदार हसले. मी हसलो नाही. दादाच्या चेहऱ्यावर काय होतं ते दिसलं नाही, कारण तो पलीकडे बघत होता. रहिमतपूर गेलं, कऱ्हाड गेलं. मी घसा साफ करून "दादा" म्हटलं, तर दादाची मान खिडकीच्या गजावर टेकलेली; गाढ झोप. ताकारीला सुभेदारांनी चहा घेतला, भिलवडीला पुन्हा शेंगा. पॅसेंजर साडेतीन-चार तास खाते. जवळ पाण्याची बाटली आणि मनात धीर ठेवा.

विश्रामबागेत दादाचं दोन खोल्यांचं घर. वहिनींनी दार उघडलं आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "भाऊजी, रस्ता सापडला म्हणायचा."

"सापडला, वहिनी."

"तेहतीस वर्षं लागली. सातारा काय विलायतेत आहे?"

संध्याकाळचं प्रवचन मंडळीच्या इतिहासावर. छोटंसं उपासनालय, पेटी, तबला, झांजा, पत्र्याच्या खुर्च्या. दादा बोलत होता जुन्या काळातल्या विलायतेकडच्या विश्वासणाऱ्यांबद्दल: मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांना धरून नदीत बुडवून मारलं. मारणारेही ख्रिस्तीच. "एकाच प्रभूचं नाव घेणाऱ्यांनी पाण्यावरून एकमेकांचे जीव घेतले. ऐकून आपल्याला बरं वाटतं, की बघा, आपण सोसलं. पण इतिहास दुसऱ्याचाच वाचायचा नसतो." त्याने चष्मा काढला. "मी बाप्तिस्मा घेऊन घरी गेलो, तेव्हा नाताळाच्या पंगतीत बापाला म्हणालो, तुम्ही आमच्या कपाळाला लावलंत ते नुसतं पाणी होतं. सगळ्यांसमोर. बाप तसाच वाढत राहिला. तसा नदीत बुडवणारा हात माझाही होता."

मी खुर्ची घट्ट धरली. ते वाक्य मी विसरून गेलो होतो! बाबांच्या हातातली पळी, खाली गेलेली मान, आणि त्यानंतर मला सुचलेल्या त्या ओळी. दादाने स्वतःचं सगळं सांगितलं. माझ्या कवितेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

घरी वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. दादा हात धुवायला गेला तेव्हा मी हळूच म्हणालो, "वहिनी, माझी ती कविता..."

"पाठ आहे घरात सगळ्यांना."

"काय?"

"तर! ज्या दिवशी कुणाला बाप्तिस्मा द्यायचा असतो त्या सकाळी हे दाढी करताना म्हणतात. अगदी चालीवर. का म्हणतात ते त्यांनाच विचारा. मी विचारलं तर म्हणतात, कवीला सांगीन."

रविवारी सकाळी सात वाजता मी उंबऱ्यात उभा होतो आणि आतून खरंच ऐकू आलं. पाप पोहणारे होते, तेही आले की मागून. मधेच वस्तऱ्यासाठी थांबायचा, पुन्हा धरायचा. माझा पाय पुढे गेला नाही.

गावाबाहेर, घाटांपासून लांब, मंडळीतल्या एकाच्या मळ्याला लागून नदीचा उतार आहे. पंचवीस-तीस माणसं जमली. दादाने काठावरच्या दगडावर बसून ख्रिस्ती जीवनावर बोलायला सुरुवात केली. जेमतेम दहा मिनिटं. "माझ्या ओळखीचा एक कवी आहे," तो म्हणाला, "त्याने लिहून ठेवलंय की पाप पोहणारं असतं. माणूस नदीतून वर येतो, ते मागून येतं. मी तेव्हा फार रागावलो. मग पाळक झालो, माणसं बघितली, स्वतःला बघितलं. यापेक्षा खरं वाक्य मला कुठल्या शिक्षणात मिळालं नाही. आज जो बुडणार आहे त्याने हे ऐकून ठेवावं. उद्या सकाळी उठल्यावर ते काठावर ओलं होऊन बसलेलं असेल. रोज त्याला नाही म्हणायचं. एवढंच ख्रिस्ती जीवन. आणि मी मोठा पाळक, असं ज्या सकाळी वाटतं, त्या सकाळी मी त्या चार ओळी म्हणतो."

मग सुभेदार उभे राहिले. मिशा थरथरत होत्या. "मंडळी, मला बोलता येत न्हाई. पलटणीत माझा जोडीदार माझ्या बाजूला पडला. तवापासनं मी रोज म्हनतोय, मला का ठेवलंस? उत्तर न्हाई आलं. पर इचारायला कुनीतरी हाय, येवढं कळलं. संपलं." ते खाली बसले. सगळे हात एकदम वर गेले. माझाही गेला, मी त्या मंडळीचा नसताना.

पाण्यात उतरायची वेळ आली. प्रवाहाला ओढ होती आणि सुभेदारांचा देह दादाच्या दुप्पट. मदतीला एक तरणा गडी धोतर खोचून तयारच होता. दादाने हाताने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मन्या, तू ये. मागून धर मला."

बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पाणी कमरेपर्यंत आलं. थंडी हाडात शिरली. मी दादाची कंबर दोन्ही हातांनी धरली. शर्टाच्या आत नुसती हाडं. सुभेदार खाली गेले तसा दादाचा गुडघा दुमडला. मी पाय रोवले. क्षणभर तिघांचंही वजन माझ्या टाचांवर होतं. सुभेदार वर आले, काठावर गाणं सुरू झालं.

"दादा," मी त्याच्या मानेशी म्हणालो, "चुकलं माझं."

"माझं आधी चुकलं होतं," तो म्हणाला. "सोडू नकोस, पडेन."

सुभेदार मिशा पिळत ओरडले, "मास्तर, पान्यातच हायसा, तुमी बी घ्या की उरकून!"

काठ हसला. दादा म्हणाला, "आपल्याकडं ढकलून कुणाला घालत न्हाईत, सुभेदार. त्याचं तो बघंल." मग माझ्याकडे वळून, "कविता अर्धीच ठेवलीस तू. दुसरं कडवं कुठंय?"

सोमवारी परत निघालो. वहिनींनी भडंगाचा पुडा, बेदाणे आणि हळद पिशवीत कोंबली. दादाने दारात "सलाम" केला नाही, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "गाडीत डाव्या हाताला बस. ऊन लागणार नाही." साताऱ्यापर्यंत मला उजव्या बाजूलाच जागा मिळाली आणि ऊन लागलं, आणि ते किती छान लागलं म्हणून सांगू!

घरी पँट धुताना दुमडीतून कृष्णेची चिमूटभर वाळू निघाली. आठवडाभराने कडवं झालं, कार्डावर लिहून टाकलं:

दादा उतरे पाण्यात,
मागे धाकटा धरून;
पाप पोहत आले नि
गेले दोघांना पाहून.

उलट टपाली उत्तर आलं. "इतक्या सहज जात नाही ते, मन्या. पण दोघं असलो की बरं असतं. पाठ केलं आहे."

पुढे मी बुडून बाप्तिस्मा घेतला नाही. दादाने कधी विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. दर जानेवारीत मात्र सांगलीला जाऊन राहत होतो, तो होता तोवर. आता मी त्याच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे आलो आहे. सकाळी दाढी करताना दोन्ही कडवी म्हणतो. पहिलं त्याच्या आवाजात, दुसरं माझ्या.